सांबाची दुसरी मात्रा आणि आमचा पुण्यातला बँड

सहातारी

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण गेली चार वर्षे पुण्यात एक स्वतंत्र बँड चालवतो आहोत. ब्राझीलचा सांबा आणि बोसा नोव्हा, तिथला जॅझ, आणि त्यांच्या जोडीने क्यूबाचे काही ताल यांच्या ओढीने आम्ही स्वतःच्या रचना करतो. ध्वनिमुद्रणाचा खर्च आपापल्या पगारातून, सराव कोथरूडमधल्या एका मित्राच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात आणि तिकिटे ओळखीपाळखीच्या भरवशावर, असा सगळा संसार आहे. मी नायलॉनच्या तारांची गिटार वाजवतो. गायिका एक, बेस गिटारवादक एक, तालवाद्ये सांभाळणारा एक, आणि बासरी व सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा एक, असे बाकीचे चौघे.

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका लहान सभागृहात आमचा दीड तासाचा कार्यक्रम झाला. ऐंशीच्या आसपास श्रोते होते. कार्यक्रम संपल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ मुद्दाम थांबले आणि मला म्हणाले, "फार गोड वाजवता हो तुम्ही, पण कान देऊन ऐकावं असं त्यात काय आहे, ते मला सापडलं नाही." त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, खरे कुतूहल होते, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्या निमित्ताने हा धागा काढतो आहे.

बोसा नोव्हा आपल्यापर्यंत पोहोचला तो बहुतेक हॉटेलांच्या प्रवेशदालनांतून आणि विमानतळांवरच्या ध्वनिक्षेपकांतून. त्यामुळे 'गप्पांच्या मागे मंद वाजणारे काहीतरी' अशी त्याची ओळख पक्की झाली. पण त्याच्या मुळाशी गेले की चित्र अगदी वेगळे दिसते. १९५८ साली ब्राझीलचे गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो यांनी 'शेगा दे सौदादे' हे जेमतेम दोन मिनिटांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. चाल अंतोनियो कार्लोस जोबिम यांची आणि शब्द विनिसियस दे मोराइस यांचे होते. गाण्याचा आवाज बोलल्यासारखा, कंप नसलेला, मायक्रोफोनच्या अगदी जवळचा. मात्र ऐकणाऱ्यांना खरा धक्का बसला तो गिटारच्या उजव्या हाताचा. त्याच्या दोन-तीन वर्षे आधी जिल्बेर्तो आपल्या बहिणीच्या घरी, न्हाणीघरात दार लावून तासन् तास तेच तेच वाजवत बसत असत, कारण तिथल्या फरशांमुळे प्रत्येक स्वर नीट परत ऐकू येत असे.

त्या उजव्या हातात काय आहे, ते जरा सविस्तर सांगतो. अंगठा खर्जाच्या तारांवर संथ, अगदी सम अंतराने पडत राहतो. हे सांबातल्या 'सुर्दो' नावाच्या मोठ्या ढोलाचे काम आहे. उरलेली तीन बोटे वरच्या तीन तारा एकदम खेचतात, आणि ती कधी ठोक्याच्या किंचित आधी पडतात, कधी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत. हे 'तांबोरिम' या तळहाताएवढ्या डफाचे काम. म्हणजे रस्त्यावर शेकडो माणसे मिळून जे वाजवतात, त्याचा सांगाडा एका माणसाच्या एका हातात आणून ठेवलेला आहे. वरवर तो मंद वाटतो, पण आत अख्खी मिरवणूक चालू असते.

माझे प्रामाणिक मत असे आहे की आम्ही तो सांगाडा व्हिडिओ पाहून बोटांत उतरवला, पण त्याचे वजन आमच्या अंगात उतरलेले नाही. बोटे बरोबर ठिकाणी पडतात आणि तरीही लय पलंगावर लोळते. त्या गृहस्थांना बहुधा हेच जाणवले असावे. तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. समेवर वाढलेल्या कानाला आणि हाताला ही लय कशी शिकवावी? आणि या लयीवर मराठी शब्द बसवायचे असतील, तर ते कुठे ठेवावेत? आमची निम्मी गाणी शब्दांविना आहेत, ती याच दुसऱ्या अडचणीमुळे.

केरवा

धागा मनापासून आवडला. मी तबला वाजवतो आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल माझ्या परीने लिहितो.

त्रितालाच्या सोळा मात्रा जलद मोजा आणि १, ४, ७, ११ व १४ या मात्रांवर टाळी द्या. अंतरे ३-३-४-३-३ अशी पडतील. बोसा नोव्हाच्या नावाने जो ठेका सगळीकडे शिकवला जातो, तो हाच. आता शेवटची टाळी एक मात्रा अलीकडे, म्हणजे १३ वर आणा. अंतरे ३-३-४-२-४ अशी झाली, आणि तुम्ही रिओहून उठून थेट हवानाला पोहोचलात, कारण क्यूबाच्या 'सोन' संगीताची क्लावे, म्हणजे पायाभूत ठेका, हीच आहे. पाचांपैकी चार आघात तेच, एकच हललेला, पण दोन्हींची चाल किती निराळी होते पाहा.

याचे कारण आपल्या तालाच्या भाषेत मला असे दिसते. त्रितालाचे विभाग १, ५, ९ आणि १३ या मात्रांवर सुरू होतात. क्यूबाची क्लावे १३ वर येऊन जमिनीला पाय टेकते आणि मग पुन्हा समेकडे निघते. ब्राझीलचा ठेका सम सोडली तर एकाही विभागाच्या तोंडाशी थांबत नाही. ५ च्या अलीकडे ४, ९ च्या पलीकडे ११, आणि १३ च्या पलीकडे १४. त्यामुळे ऐकणाऱ्याला सतत तरंगल्यासारखे वाटते. हात समेवर वाढलेला असला की ४ चा आघात नकळत ५ कडे घसरतो आणि १४ चा १३ कडे. ही घसरण इतकी सूक्ष्म असते की वाजवणाऱ्याला कळतही नाही, पण तुम्ही ज्याला 'पलंगावर लोळणे' म्हणता, ते तिथेच होते.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. क्यूबात सगळा वाद्यवृंद क्लावेला बांधलेला असतो आणि तिच्याविरुद्ध वाजवले तर ती सरळसरळ चूक ठरते. ब्राझीलचे वादक हा आकृतिबंध तितका कडक मानत नाहीत. तांबोरिमवाला तो फिरवतो, उलटवतो, मधले एखादे अंग गाळतो. तेव्हा ३-३-४-३-३ हा घोकण्याचा नव्हे, सुटण्याचा पाठ आहे असे समजावे.

सरावासाठी सुचवतो: गिटार बाजूला ठेवा, पाचही जण जमिनीवर बसा, हाताने त्रितालाच्या टाळ्या आणि खाली दाखवा आणि तोंडाने फक्त ते पाच आघात म्हणा. पंधरा मिनिटे. हात चुकला तरी चालेल, तोंड चुकता कामा नये.

जुनी तबकडी

हे संगीत मराठी कानांना परके आहे, असे या धाग्यात गृहीत धरलेले दिसते. मला ते पटत नाही. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या 'अलबेला'मध्ये बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा जो थाट मांडला, त्यावर भगवानदादांबरोबर अख्खा महाराष्ट्र नाचला. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक त्यांच्या वाद्यवृंदात होते. पुढे राहुलदेव बर्मन यांनी १९६६ च्या 'पती पत्नी'मध्ये बोसा नोव्हाचा ठेका वापरला. जिल्बेर्तो आणि अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांची जी तबकडी जगभर गाजली, ती १९६४ ची. म्हणजे रिओचा ठेका मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षात पोहोचायला फार वर्षे लागली नाहीत.

आणि हे पोहोचवणारे हात बहुतेक गोव्याचे होते. चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले हे वादक नसते, तर त्या काळच्या हिंदी चित्रपटसंगीताला कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांची, भाषा इतक्या लवकर बोलता आली नसती. गोवा आणि ब्राझील दोन्हीकडे पोर्तुगीज सत्ता होती, हा त्यातला योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. आपण काजू आणि अननस म्हणतो ना, ते शब्दही ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आलेले आहेत. ठेका त्यानंतर आला इतकेच.

पेठेतला श्रोता

मी त्या कार्यक्रमाला नव्हतो, पण त्या ज्येष्ठ गृहस्थांचे म्हणणे मला समजते. माझा आक्षेप जरा स्पष्टपणे मांडतो, राग मानू नये.

लावणीच्या ढोलकीत जी तिरकी चाल आहे, ती या चर्चेत कोणी काढलीच नाही. भजनी ठेक्यात टाळकरी जेव्हा रंगात येऊन आघात मागेपुढे करतात, तेव्हा तेही ठोक्याच्या फटीतच खेळत असतात. हे सगळे अंगणात असताना पाच मराठी तरुणांनी दुसऱ्या खंडातल्या लयीसाठी चार वर्षे घालवावीत, यामागची निकड मला लक्षात आलेली नाही. 'आवडते म्हणून' हे उत्तर पुरेसे आहे, हे मला मान्य आहे. पण मग श्रोत्यांनी कान द्यावा ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

दूरदेशी

कामानिमित्त तीन वर्षे साओ पाउलोमध्ये राहिलो आहे, म्हणून लिहितो. संगीत मला वाजवता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे 'लॅटिन' हा शब्द जपून वापरावा. आपल्याकडच्या जाहिरातींत साल्सा, सांबा, टँगो, बोसा नोव्हा हे सगळे एकाच टोपलीत घालतात. हे म्हणजे भांगडा, लावणी आणि कथकली यांना 'भारतीय नाच' म्हणून एकत्र मोजण्यासारखे आहे. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, क्यूबाची स्पॅनिश. तुमच्या बँडच्या छायाचित्रात ज्यावर बसून वाजवले जाते ती लाकडी पेटी दिसते, ते काहोन. ते ना ब्राझीलचे ना क्यूबाचे, ते पेरूच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे वाद्य आहे. वापरू नका असे मी म्हणत नाही, पण काय कुठून आले आहे ते वाजवणाऱ्याला ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ब्राझीलमध्ये आणलेल्या माणसांची संख्या इतिहासकार सुमारे ४८ लाख मानतात. अमेरिका खंडात इतकी माणसे दुसऱ्या कोणत्याही एका देशात नेली गेली नाहीत. तिथे गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये, त्या खंडात सर्वांत शेवटी. सांबा या माणसांचा आहे. बाहिया प्रांतातून रिओत आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या घरांच्या मागच्या अंगणांत तो वाढला, आणि पहिला सांबा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते गाणे १९१६ मध्ये नोंदवले गेले. पोलिसांचा ससेमिरा सोसून तो जगला आहे. बोसा नोव्हा त्यानंतर चाळीस वर्षांनी आला, समुद्रकाठच्या सुखवस्तू वस्तीतल्या सदनिकांमध्ये, मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय तरुणांच्या बैठकांत. सांबातला घाम पुसून त्याला दिवाणखान्यात बसवले, अशी टीका त्याच्यावर तिथे आजही होते. मला ती संपूर्ण खरी वाटत नाही, पण ती ऐकलेली असावी.

मी तिथे जे पाहिले ते सांगतो. शनिवारी दुपारी एखाद्या साध्या खानावळीत मधोमध एक लांब टेबल असते. त्याभोवती आठ-दहा वादक बसतात, समोर ग्लास आणि ताटल्या, आणि वादकांच्या मागे दाटीवाटीने उभी असलेली माणसे. याला 'रोदा दे सांबा' म्हणतात, रोदा म्हणजे वर्तुळ. व्यासपीठ नसते. मागची माणसे सगळी गाणी पाठ असल्यासारखी गातात, म्हातारी बाई गाते, वाढपी ताटल्या उचलता उचलता गातो. आपल्याकडच्या भजनाच्या बैठकीची मला तिथे फार आठवण येत असे. ज्या संगीताला आपण कान देऊन ऐकण्याचे म्हणतो, ते तिथे तोंड देऊन ऐकण्याचे आहे.

म्हणून सहातारी, तुमच्या गृहस्थांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की त्यांना पाठ करता येईल असे तुमच्या कार्यक्रमात काही होते का, ते आधी पाहा.

ताशेकरी

मी गेली नऊ वर्षे पथकात ताशा वाजवतो. हा धागा वाचून राहवले नाही.

कार्निव्हलमध्ये 'सांबाच्या शाळा' म्हणवणाऱ्या मंडळांचा जो वादकांचा ताफा निघतो त्याला 'बातेरिया' म्हणतात, आणि त्यात अडीचशे-तीनशे वादक असतात. पहिल्यांदा त्याचे चित्रीकरण पाहिले तेव्हा वाटले, ही आपलीच मंडळी. आपल्याकडे ताशा हात काढतो आणि ढोल तो उचलतात. तिथे 'रेपिनिक' नावाचा उंच आवाजाचा ढोल हाक देतो आणि बाकीचे उत्तर देतात. पुढे शिट्टी घेऊन उभा असलेला त्यांचा उस्ताद आणि आपला पथकप्रमुख यांच्या हातवाऱ्यांतसुद्धा फार फरक नाही.

पण नीट कान दिल्यावर मोठा फरक सापडला, आणि तो केरवा यांनी लिहिलेल्या गोष्टीशी जुळतो. आपले सगळे ढोल एकाच वेळी, एकाच वजनाने पडतात. छातीवर येणारा तो धक्का हीच आपली ताकद आहे. त्यांच्याकडे सुर्दो तीन आकारांचे असतात आणि ते काम वाटून घेतात. सर्वांत मोठा, सर्वांत खोल आवाजाचा सुर्दो पहिल्या ठोक्यावर पडतच नाही. तो दुसऱ्या ठोक्यावर पडतो. पहिल्या ठोक्यावर त्याच्यापेक्षा उंच आवाजाचा सुर्दो असतो, आणि तिसरा, सर्वांत लहान, दोघांच्या मधल्या जागा भरतो. सोळा मात्रांच्या भाषेत बोलायचे तर सम हलकी आहे आणि खरे वजन ५ आणि १३ वर आहे.

आता मला जे सुचते ते असे. सहातारी यांच्या बँडने काहोनऐवजी दोन ढोल घेऊन पाहावेत. एकाचे पान चांगले आवळलेले, दुसऱ्याचे सैल. टिपरूच्या, म्हणजे ढोलाच्या काठीच्या, टोकाला कापड गुंडाळावे म्हणजे कडकडाट जाऊन घुमारा राहील. ज्या हाताने थापी मारतो तो हात दुसऱ्या पानावर नुसता टेकवून ठेवायचा आणि आघातानंतर दाबायचा, म्हणजे आवाज हवा तिथे तुटेल. मी घरी एका ढोलावर करून पाहिले आहे. आवळलेला ढोल पहिल्या ठोक्यावर, सैल ढोल दुसऱ्यावर. दोन वेगळी माणसे वाजवणारी हवीत, एकाच माणसाने दोन्ही वाजवले की वजन पुन्हा समेवर येते. का येते ते मला सांगता येणार नाही, पण येते.

दूरदेशी

ताशेकरी, तुम्हाला ईशान्य ब्राझीलचा 'झाबुंबा' ऐकायला आवडेल. तो दोन तोंडांचा ढोल आहे. वरच्या पानावर जाड टिपरूने खोल आघात आणि खालच्या पानावर बारीक छडीने उलटा ठेका, अशी एकाच माणसाची दोन कामे चालतात. जोडीला लोखंडी त्रिकोण आणि अकॉर्डियन. लुईझ गोंझागा यांनी १९४० च्या दशकात हा 'बायांव' ठेका देशभर नेला. तो रिओच्या सांब्यापेक्षा सरळ आहे, आणि मला तरी तो आपल्या मातीला अधिक जवळचा वाटला.

सहातारी

इतके सविस्तर प्रतिसाद मिळतील असे वाटले नव्हते, सर्वांचे आभार. मधल्या दोन रविवारी आम्ही बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या, त्यांचा वृत्तांत देतो.

केरवा यांचा पाठ केला. पहिल्या दिवशी पाचांपैकी चार जणांचा १४ चा आघात घसरत होता, आणि त्या चारांत मी होतो. न घसरलेली एकटी म्हणजे आमची गायिका. तिने लहानपणी बरीच वर्षे भजनी मंडळात टाळ वाजवले आहेत. पेठेतला श्रोता यांचे बोलणे तेव्हा मला फार आठवले. अंगणात जे आहे ते उपयोगी पडतेच, फक्त ते कोणाच्या हातात आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. आता तोंडाने ठेका म्हणण्याचे पुढारपण तिच्याकडे दिले आहे.

ताशेकरी यांच्या सूचनेवरून काहोन बाजूला ठेवले. आणखी एक बदल आपोआप झाला. गाळ्याच्या वरच्या मजल्यावर दहावीची परीक्षा असलेली मुलगी राहते, म्हणून तिच्या आईने आवाज कमी करण्याची विनंती केली. आम्ही ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश घेतले आणि ध्वनिवर्धक बंद ठेवला. आवाज कमी झाल्यावर कोण कुठे घसरतो ते लख्ख ऐकू येऊ लागले. आमची बेस गिटार पहिल्या ठोक्यावर जोर देत होती आणि चार वर्षांत ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते. आता पहिल्या ठोक्यावर छोटा स्वर, दुसऱ्यावर लांब आणि भरदार, असे ठरवले आहे.

आता शब्दांविषयी. आमच्या एका गाण्याची ओळ 'पाऊस थांबला तरी फांदी गळत राहते' अशी आहे. आजवर आम्ही 'थांबला'मधला 'थां' बरोबर समेवर ठेवत होतो, कारण तो गुरू आहे, जोरकस आहे, आणि मराठी कानाला तो तिथेच हवासा वाटतो. परिणाम असा व्हायचा की ओळ कवायतीसारखी चालायची आणि खालची लय तिच्या ओझ्याने बसायची. गेल्या रविवारी आम्ही 'थां' समेच्या एक मात्रा अलीकडे ओढला आणि समेवर गायिकेला नवा उच्चार करू दिला नाही, फक्त त्या 'थां'चा अनुस्वार समेवरून वाहत जाऊ दिला. 'बला' त्यानंतर येतो, हलकेच. दुसऱ्या ठोक्याचा भरदार आवाज येतो तेव्हा शब्द संपलेला असतो. त्या एका बदलाने ओळीत पाऊस खरोखर थांबल्यासारखा वाटला. आम्ही ती ओळ वीस-पंचवीस वेळा तरी म्हटली असेल.

सगळे शब्द असे हलत नाहीत, हेही नोंदवतो. 'गळत'मध्ये तिन्ही अक्षरे लघू आहेत. त्यांतले एखादे ओढून लांबवले की उच्चार लगेच अशुद्ध वाटतो. तिथे आम्ही तीन अक्षरे तीन लहान मात्रांवर सरळ सोडून दिली आणि गिटारच्या कॉर्डने पुढे उडी घेतली. एवढ्यावरून माझा अंदाज असा झाला आहे की गुरू अक्षर समेआधी नेता येते, लघू अक्षरांना मात्र ठोक्यांच्या मधल्या जागेत चालू द्यावे. जाणकारांनी हे तपासून पाहावे.

पेठेतला श्रोता, तुम्ही निकड विचारलीत. माझ्यापुरते उत्तर सांगतो. जोबिम यांचे एकाच स्वरावर रचलेले एक गाणे आहे. गायक बराच वेळ तोच एक स्वर धरून असतो आणि त्याच्याखाली कॉर्ड बदलत जातात. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज स्थिर असतो आणि त्याच्या नात्याने बाकीचे स्वर अर्थ घेतात. इथे गळ्यातला स्वर स्थिर आहे आणि खालची जमीन सरकते, त्यामुळे त्याच स्वराचा अर्थ दर क्षणी बदलतो. कधी तो घरी असतो, कधी उंबऱ्यावर, कधी परगावी. मी वीस वर्षांचा असताना हे पहिल्यांदा ऐकले, आणि षड्जाकडे अशा बाजूनेही पाहता येते हे कळल्यावर मला रात्रभर झोप आली नाही. ही गोष्ट मराठीत म्हणून पाहावी, एवढीच आमची निकड आहे.

केरवा

तुम्ही 'थां'चे जे केलेत त्याला आपल्याकडे नाव आहे. मुखड्याचा जोर समेच्या अलीकडेच येऊ देणे म्हणजे अनागत, आणि समेनंतर येऊ देणे म्हणजे अतीत. ख्याल गाणारे आणि तबलजी हे खास क्षणी, दाद घेण्यासाठी करतात. तुमच्या ब्राझीलवाल्यांनी अनागत हा अपवाद न ठेवता रोजची चाल केलेली दिसते. गायिकेला हा शब्द सांगा, तिला बरे वाटेल.

आवाजघर

मी ध्वनिव्यवस्था करतो, म्हणून एकच मुद्दा. तुमची गायिका सभागृहात मायक्रोफोनपासून हातभर लांब उभी राहून गात असेल तर हे सगळे कष्ट मागच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाहीत. हे मायक्रोफोनजवळचे गाणे आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण घरोघरी गेले, तेव्हा सुधीर फडके यांचा आवाज सभेला उद्देशून नव्हता, रेडिओजवळ बसलेल्या एकेका माणसाशी बोलत होता. तशी जवळीक हवी. मायक्रोफोन ओठांपासून चार बोटांवर ठेवा, बाकी वाद्ये त्याच्या खाली आणा, आणि 'प', 'फ', 'भ' यांच्या फुंकरीसाठी जाळी लावा. 'फांदी'चा 'फ' नक्की फुटेल.

पेठेतला श्रोता

सहातारी, तुमचे उत्तर पोहोचले. षड्जाविषयी लिहिलेत ते दोनदा वाचले आणि मग ते गाणेही शोधून ऐकले. जमीन सरकते हे मला तिसऱ्यांदा ऐकताना कळले, त्याआधी स्वर एकसुरी वाटत होता.

माझा आक्षेप मात्र मी पूर्णपणे मागे घेत नाही. ढोलकीवर तुम्ही अजून काही बोललेला नाहीत. दोन ढोल घेणार असाल तर एकदा ढोलकीवाल्यालाही बोलवा, आणि त्याला ब्राझीलचा ठेका शिकवू नका. त्याला तुमचे गाणे ऐकवा आणि तो आपणहून काय वाजवतो ते पाहा. पुढच्या कार्यक्रमाला मी येईन. मात्र ती पावसाची ओळ श्रोत्यांना म्हणायला द्या.

सहातारी

ढोलकीची सूचना मान्य आहे. लोकनाट्याच्या फडात वाजवलेले एक वादक हडपसरला राहतात, त्यांच्याशी काल फोनवर बोललो. ते म्हणाले, "आधी गाणं पाठवा, मग बघू." ध्वनिमुद्रण पाठवले आहे.

ओळ श्रोत्यांना देण्याचेही ठरले. गायिका पहिल्यांदा एकटी म्हणेल, दुसऱ्यांदा सभागृहातले दिवे लावायचे आणि सर्वांनी म्हणायची. सगळ्यांचा 'थां' समेवरच पडणार याची मला खात्री आहे. तो पडू द्यायचा आणि गायिकेने आपला 'थां' त्यांच्या एक मात्रा आधी ठेवायचा, असे आम्ही सध्या करून पाहतो आहोत. ते दोन 'थां' एकापाठोपाठ ऐकायला फार सुंदर वाटतात.

ताशेकरी, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गाळ्यावर येता येईल का? सैल पानाचा ढोल तुमचाच आणा, आमच्याकडचा एक आवळून ठेवतो. वरच्या मजल्यावरची परीक्षा शुक्रवारी संपते आहे.

ताशेकरी

येतो. टिपरूला गुंडाळायला जुनी सुती साडी आणतो, टॉवेलपेक्षा तिने घुमारा चांगला राहतो.